एफ१२ आणि एका किड्याची गोष्ट

मागच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या एका क्लायंटकडे रिपोर्टचं पान कोरं दिसत होतं. नुसतं पांढरं. बाकी सगळीकडे व्यवस्थित. आमच्या टीममधल्या सहाही जणांच्या मशीनवर व्यवस्थित. दोन दिवस डोकं खाजवून झाल्यावर आमचा लीड, जो या धंद्यात अठरा-वीस वर्षं आहे, लांबूनच ओरडला, “अरे, फायरबग लावून बघा ना जरा!”

शेजारी बसणारी मुलगी यंदाच कॉलेजातून आलीय. तिने इमानदारीत शोधाशोध केली आणि पाच मिनिटांनी मला हळूच विचारलं, “दादा, ते फायरबग कुठे मिळतच नाहीये. इन्स्टॉल कुठून करू?”

कुठून मिळणार! २०१७ मध्येच गेला तो. लीडला म्हणायचं होतं की ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा. जुन्या लोकांच्या तोंडात अजून तेच नाव आहे, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. मी तरी कुठला मोठा जुना! इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी लॅबमधल्या एका म्हाताऱ्या मशीनवर तेवढा पाहिलाय. पण या निमित्ताने शनिवार-रविवार त्याच्या मागे लागलो आणि वाटलं, हे लिहून ठेवायला हवं.

तर सुरुवात फायरबगच्या आधीपासून.

जावास्क्रिप्ट १९९५ सालची. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आईक यांनी तिचा पहिला नमुना मे महिन्यात दहा दिवसांत बनवला, ही कथा सगळ्यांना माहीत असते. कमी बोललं जातं ते हे, की दहा दिवसांत जन्मलेल्या या भाषेत काय चाललंय ते धड दिसायला पुढे जवळजवळ दहा वर्षं लागली. त्या काळात डिबगिंग म्हणजे अलर्ट. कोडमध्ये जागोजागी अलर्ट पेरायचे, पान उघडायचं आणि खिडक्या बंद करत बसायचं. “इथे आलो”, ओके. “इथेही आलो”, ओके. “एक्स ची किंमत अनडिफाइन्ड”, हां, सापडलं! चुकून लूपच्या आत अलर्ट राहिला तर पाचशे वेळा ओके दाबा, नाहीतर ब्राउझरच मारा. शिवाय अलर्ट आला की पानावरचं सगळं थांबतं. म्हणजे चूक वेळेच्या गणितात असेल, एक गोष्ट दुसरीच्या आधी घडत असेल, तर अलर्ट टाकल्या टाकल्या ती गायब होणार.

इंटरनेट एक्सप्लोररचा खाक्या आणखी वेगळा. एक पिवळा त्रिकोण, “ऑब्जेक्ट एक्स्पेक्टेड”, आणि एक ओळ क्रमांक. पानात चार स्क्रिप्ट फाइली असतील तर तो क्रमांक नक्की कुठल्या फाइलीतला, हे तुम्हीच शोधा.

बरं, ‘व्ह्यू सोर्स’ होतंच की, असं कुणी म्हणेल. होतं. पण व्ह्यू सोर्स दाखवतं ते सर्व्हरने पाठवलेलं एचटीएमएल. पान आल्यावर स्क्रिप्टने त्यात जे काही उलटंपालटं केलं, दोन ओळी घातल्या, एक टेबल उडवलं, ते त्यात दिसत नाही. घराचा मूळ नकाशा हातात आहे, पण मधल्या काळात मालकाने भिंत पाडून किचन मोठं केलंय. गळका पाइप शोधायला तो नकाशा काय कामाचा?

हत्यारं अजिबात नव्हती असं मात्र नाही, आणि इथे इतिहास जरा मजेशीर आहे. नेटस्केप ४ च्या काळात अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘जावास्क्रिप्ट’ लिहून पुढे कोलन दिला की चुकांची एक खिडकी उघडायची. मोझिलात २००१ च्या सुमारास व्हेंकमन नावाचा पूर्ण डिबगर आला (नाव ‘घोस्टबस्टर्स’मधल्या भुतं पकडणाऱ्या पीटर व्हेंकमनवरून). ब्रेकपॉइंट, स्टॅक, सगळं त्यात होतं. पानाचं जिवंत झाड दाखवणारा डॉम इन्स्पेक्टर होता. मायक्रोसॉफ्टचा स्क्रिप्ट डिबगर होता. आणि ख्रिस पेडरिक यांचा वेब डेव्हलपर टूलबार २००३ पासून होता. हा तर वेबवाल्यांचा लाडका: सीएसएस बंद करा, चित्रं बंद करा, कुकी पुसा, हेडर बघा, विंडो ८०० बाय ६०० ची करा, सगळं एका पट्टीवर.

मग अडलं कुठे? प्रत्येक हत्यार वेगळ्या खिडकीत, वेगळ्या स्वभावाचं. व्हेंकमन उघडा, त्यात आपली फाइल शोधा, पानावर परत या, बटण दाबा, पुन्हा व्हेंकमन. सीएसएसचा प्रश्न निघाला की डॉम इन्स्पेक्टर. सर्व्हरशी काय बोलणं झालं ते बघायचं तर तिसरंच काहीतरी. बहुतेक लोक कंटाळून अलर्टकडे परत जायचे.

त्यात २००४-०५ मध्ये खेळच बदलला. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, फेब्रुवारी २००५ मध्ये गुगल मॅप्स, आणि त्याच महिन्यात १८ तारखेला जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. पान परत लोड न करता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायचं. (ही युक्ती मुळात मायक्रोसॉफ्टची. आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी केलेली आणि १९९९ च्या आयई ५ मध्ये आलेली. श्रेय कुणाला, बिल कुणाला!) वापरणाऱ्याला जादू वाटायची. बनवणाऱ्याचे मात्र हाल. आधी निदान पान लोड झालं की काहीतरी दिसायचं. आता बोलणं पडद्यामागे, आणि ते ऐकायची सोय जवळजवळ कुणाकडेच नाही.

या वळणावर येतात जो ह्युइट. हा माणूस नेटस्केपमध्ये होता, फायरफॉक्सच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक. आणि वर म्हटलेला तो डॉम इन्स्पेक्टर? तोही यांचाच. म्हणजे आपल्याच हत्याराचा जाच त्यांना पुरेपूर माहीत असणार. जानेवारी २००६ मध्ये त्यांनी फायरबगची पहिली आवृत्ती सोडली. छोटंसं एक्स्टेन्शन होतं. एका वर्षाने, जानेवारी २००७ मध्ये, १.० आली, आणि आज आपण ‘डेव्हटूल्स’ म्हणतो त्याचा सांगाडा तोच आहे.

एफ१२ दाबलं की पानाच्याच खाली एक कप्पा उघडायचा. त्यात टॅब: कन्सोल, एचटीएमएल, सीएसएस, स्क्रिप्ट, डॉम, नेट. ‘इन्स्पेक्ट’ दाबून पानावर माउस फिरवला की ज्यावर माउस असेल त्याभोवती निळी चौकट, आणि खाली त्याचं एचटीएमएल. शेजारी त्याला लागू होणारे सीएसएसचे सगळे नियम, कुठल्या फाइलीतून आले त्या नावासकट. जो नियम दुसऱ्याने हाणून पाडलाय त्यावर काट. ही काट किती मोलाची आहे ते, ज्याने “मी रंग लाल दिलाय, मग निळा का दिसतोय” यात अख्खी दुपार घालवलीय त्यालाच कळेल. मार्जिन-पॅडिंगचा आकडा निवडून वरचा बाण दाबत राहिलं की डोळ्यांदेखत चौकोन सरकायचा. कोड सेव्ह करा, अपलोड करा, रिफ्रेश करा, ही वारी संपली. आणि एजॅक्सचं ते पडद्यामागचं बोलणं? कन्सोलमध्ये एकेक ओळ बनून येत होतं. क्लिक केलं की काय पाठवलं, काय उत्तर आलं, सगळं उघडं.

आता माझं मत. यातली एकेक गोष्ट सुटी सुटी घेतली तर फार थोडं नवीन होतं. डिबगर होता, इन्स्पेक्टर होता, चुकांची यादी होती. फायरबगने केला तो मसाल्याचा डबा. हळद, तिखट, मोहरी, हिंग, सगळं घरात असतंच. पण एक फडताळात, एक माळ्यावर, एक पिशवीला गाठ मारून. फोडणी जळत असताना त्याचा उपयोग शून्य. एक झाकण उघडल्यावर सगळ्या वाट्या समोर हव्यात. आणि कप्पा पानाच्या खालीच, त्यामुळे नजर दुसरीकडे न्यावी लागत नाही. ‘ऑल इन वन’ हा शब्द जाहिरातींनी पार बदनाम केलाय, पण इथे ती खरंच सगळ्यात मोठी करामत होती.

आणि एक वाटी अशी, की जी डब्यातून उडून थेट जगभर गेली. कन्सोल.लॉग.

फायरबगने पानातल्या स्क्रिप्टला ‘कन्सोल’ नावाची एक वस्तू दिली. अलर्टऐवजी कन्सोल.लॉग लिहा, काही न थांबता खालच्या कप्प्यात मजकूर येईल. वॉर्न, एरर, असर्ट, डिर, ट्रेस, ग्रुप, टाइम, प्रोफाइल अशी भावंडंही होती. सी शिकलेल्या लोकांना ओळखीचं वाटावं म्हणून प्रिंटएफसारखे टक्का-एस, टक्का-डी सुद्धा. पुढे सगळ्या ब्राउझरांनी हे उचललं. २००९ मध्ये नोड आलं, जिथे ब्राउझरच नाही, तिथेही कन्सोल.लॉग. आज वेबच्या मानकांमध्ये कन्सोलचं स्वतंत्र मानक आहे. जावास्क्रिप्ट भाषेच्या अधिकृत व्याख्येत मात्र ते आजही नाही! जगातला प्रत्येक विद्यार्थी जावास्क्रिप्टची पहिली ओळ म्हणून जे लिहितो, ते मुळात एका एक्स्टेन्शनची सोय म्हणून रुळलं.

अर्थात फुकट काही मिळत नाही. सुरुवातीला ही कन्सोल वस्तू फक्त ज्याच्याकडे फायरबग आहे त्याच्याकडेच असायची. डेव्हलपरने कोडमध्ये एक कन्सोल.लॉग विसरून ठेवला, त्याच्याकडे पान मस्त चालतंय, ग्राहकाकडे “कन्सोल अनडिफाइन्ड” म्हणून तिथेच कोसळतंय. यासाठी फायरबगएक्स नावाची एक छोटी फाइल मिळायची. ती फक्त खोटी खोटी कन्सोल तयार करायची, जिचे सगळे फंक्शन रिकामे. कळस केला तो आयई ८ आणि ९ ने. त्यात कन्सोल होती, पण डेव्हलपर टूल्स उघडल्यावरच जन्माला यायची. म्हणजे पान बिघडलंय म्हणून तुम्ही टूल्स उघडलीत की पान सुधारणार. टूल्स बंद केलीत की पुन्हा आपलं पहिले पाढे पंचावन्न. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलं की दाढ दुखायची थांबते ना, अगदी तसं.

हे वाचताना मी हसलो, आणि मग एकदम गप्प झालो. कारण आमचं कोरं पान! आमच्या सहाही जणांच्या मशीनवर डेव्हटूल्स कायम उघडी, आणि त्यात ‘डिसेबल कॅशे’ वर टिक. म्हणजे आम्हाला प्रत्येक वेळी ताजी फाइल मिळणार. त्या क्लायंटकडे जुनी जावास्क्रिप्ट फाइल कॅशेत बसलेली होती, आणि ती नव्या सर्व्हरकडे जुन्या पद्धतीने उत्तर मागत होती. फाइलीचं नाव बदललं नव्हतं, त्यामुळे ब्राउझरला नवीन आणावीशी वाटली नाही. बाकीचे क्लायंट त्या बदलानंतर जोडले गेलेले, त्यांच्याकडे जुनी फाइल असायचा प्रश्नच नव्हता. वीस वर्षांत हत्यारं कुठल्या कुठे गेली, पण बघणाऱ्याच्या बघण्याने रोग लपतो ही तक्रार जिथल्या तिथे आहे.

असो. नेट टॅबकडे येऊ, कारण दुसरी मोठी गोष्ट तिथे घडली.

नेट टॅबमध्ये पानाने मागवलेली प्रत्येक फाइल एक आडवी पट्टी म्हणून दिसायची. कधी मागवली, किती वेळ वाट पाहिली, किती वेळ उतरवायला लागला. याहूमधले स्टीव्ह साउडर्स याच विषयाच्या मागे होते. त्यांचं म्हणणं असं, की वापरणाऱ्याच्या वाट पाहण्याच्या वेळातला ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरवर नाही, पुढच्या बाजूला, ब्राउझरमध्ये जातो. तोवर पान हळू आहे म्हटलं की सगळे डेटाबेसवाल्याकडे बोट दाखवायचे. २००७ मध्ये याहूने ‘वायस्लो’ काढलं. ते फायरबगच्या आत बसणारं एक्स्टेन्शन होतं, म्हणजे एक्स्टेन्शनवरचं एक्स्टेन्शन. त्यात पानाला शाळेसारखी ए ते एफ ग्रेड मिळायची. साउडर्स यांचं पुस्तकही त्याच वर्षी आलं, १४ नियमांचं. ग्रेड ही मॅनेजरला कळणारी भाषा. “आपल्याला एफ का?” या एका प्रश्नाने जितकी पानं सुधारली असतील तितकी तांत्रिक लेखांनी सुधारली नसतील, असं आपलं मला वाटतं. २००९ मध्ये गुगलनेही आपलं ‘पेज स्पीड’ आधी फायरबगवरच आणलं. फायरपीएचपी आलं, ज्यात सर्व्हरवरचा पीएचपी कोड आपले निरोप हेडरमध्ये कोंबून थेट फायरबगच्या कन्सोलवर पाठवायचा. कुकींसाठी फायरकुकी. डब्याला वरून आणखी वाट्या जोडल्या जात होत्या.

याची दुसरी बाजूही होती. फायरबग चालू असला की ब्राउझर धापा टाकायचा. जीमेल तर चक्क वर पट्टी दाखवायचं, की फायरबग नीट सेट केलेला नसेल तर जीमेल हळू चालतं. त्याहून गंभीर गोष्ट एप्रिल २००७ ची. तेव्हाची फायरफॉक्सची एक्स्टेन्शन्स ब्राउझरचाच भाग बनून, पूर्ण अधिकारांनी चालायची. फायरबगचं कामच मुळी परक्या पानातला मजकूर आपल्या कप्प्यात आणून दाखवायचं. मग पानाने मुद्दाम विषारी मजकूर कन्सोलमध्ये टाकला, आणि फायरबगने तो नीट न गाळता दाखवला तर? तो मजकूर कोड बनून ब्राउझरच्या अधिकारांनी चालणार. असंच भोक सापडलं. घाईने दुरुस्ती आली, मग तसंच आणखी एक सापडलं, पुन्हा दुरुस्ती. भुरटे पकडायला ठेवलेल्या वॉचमनकडेच घराच्या सगळ्या किल्ल्या, असा तो मामला.

त्याच वर्षी जुलैमध्ये फेसबुकने ‘पॅराकी’ नावाची छोटी कंपनी विकत घेतली. ती ब्लेक रॉस आणि जो ह्युइट यांची. ह्युइट तिकडे गेले आणि फेसबुकचं आयफोन अ‍ॅप बनवण्यात गुंतले. फायरबग मुक्त स्रोत होता म्हणून वाचला. आयबीएममधले जॉन बार्टन, चेक प्रजासत्ताकातले यान ओड्वार्को आणि बरेच हौशी लोक यांनी तो पुढे चालवला. हे काम किती चिवट असेल याची मला थोडी कल्पना आहे. फायरबग फायरफॉक्सच्या पोटातल्या भागांना हात घालून चालायचा, त्यामुळे फायरफॉक्सची आवृत्ती बदलली की काहीतरी मोडणार. २०११ पासून तर फायरफॉक्सच्या आवृत्त्या दर सहा आठवड्यांनी यायला लागल्या! दुसऱ्याच्या जागेत भाड्याने दुकान, आणि मालक दर दीड महिन्याला भिंती हलवतोय.

दरम्यान बाकीचे शहाणे झाले होते. सफारीच्या वेबकिटमध्ये वेब इन्स्पेक्टर जानेवारी २००६ मध्येच, म्हणजे फायरबगच्याच महिन्यात आला होता. २ सप्टेंबर २००८ ला क्रोम आला तो हाच इन्स्पेक्टर पोटात घेऊन. ऑपेराने २००८ मध्ये ड्रॅगनफ्लाय काढलं. मार्च २००९ मध्ये आयई ८ आला, त्यातही टूल्स एफ१२ वर. त्या एका बटणाच्या निवडीतच फायरबगला मिळालेली दाद आहे.

गंमत म्हणजे फायरफॉक्सच्या स्वतःच्या पोटात तेव्हा असं काही नव्हतंच, फायरबग आहे ना! २०११ च्या फायरफॉक्स ४ मध्ये वेब कन्सोल आली, आणि पुढच्या वर्षी इन्स्पेक्टर आणि डिबगर. मग एकाच घरात दोन स्वयंपाकघरं. ऑगस्ट २०१६ मध्ये फायरफॉक्स ४८ पासून ब्राउझर आणि पान वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये जायला सुरुवात झाली. फायरबगचा सगळा संसार एकाच छताखालचा, त्याला हे झेपणारं नव्हतं. त्याच वर्षी फायरबग आणि मोझिलाची टूल्स एक करायचं ठरलं. फायरबगच्या सवयी, अगदी त्याचा रंगरूपाचा थीमसुद्धा, आतल्या टूल्समध्ये नेला गेला. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला, जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स बंद झाली, आणि तिथे फायरबग थांबला.

याबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. २००७ चं ते भोक आठवलं की वाटतं, झालं ते बरंच झालं. किल्ल्या वॉचमनकडे नकोतच. आजच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शनला डेव्हटूल्समध्ये स्वतःचा टॅब मिळतो, पण ब्राउझरच्या पोटात हात घालता येत नाही. पण मग असंही वाटतं, की आज एखाद्या जो ह्युइटला आपल्या डोक्यातला डबा बनवायचा असेल तर त्याने काय करायचं? ब्राउझर कंपनीत नोकरी धरायची, आणि तिथल्या मॅनेजरला पटवायचं. २००६ मध्ये तशी कुणाची परवानगी लागली नव्हती.

फायरबगमधलं एक मूल मात्र अजून रोज भेटतं, आणि फार थोड्यांना त्याचं कूळ माहीत आहे. एचएआर फाइल. नेट टॅबमधली सगळी देवाणघेवाण एका फाइलीत भरून दुसऱ्याला पाठवता यावी म्हणून यान ओड्वार्को वगैरे मंडळींनी २००९ च्या आसपास हे स्वरूप ठरवलं. आज कुठल्याही सपोर्टवाल्याकडे तक्रार करा, तो एचएआर मागतो. आणि त्यात कुकी, लॉगिनचे टोकन, सगळं जातं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑक्टाच्या सपोर्ट यंत्रणेत चोर शिरले ते नेमके ग्राहकांनी पाठवलेल्या अशा फाइलींपाशी पोचले, आणि त्यातल्या टोकनने काही ग्राहकांच्या खात्यांत शिरायचा प्रयत्न झाला. २०२४ पासून क्रोम एचएआर काढून देताना कुकी आणि ऑथरायझेशनची हेडर आधीच गाळतो.

आमच्या कोऱ्या पानाचा छडा शेवटी तिनेच लावला, त्या नव्या मुलीने. सोमवारी क्लायंटकडून एचएआर मागवली, नोटपॅडमध्ये उघडली आणि त्या एका जावास्क्रिप्ट फाइलीसमोर ‘फ्रॉम कॅशे: डिस्क’ लिहिलेलं मला दाखवलं. माझी शनिवारची शंका खरी निघाली, पण पुरावा तिचा. लीड उठून आला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, “बघा, मी म्हटलं नव्हतं, फायरबग लावा म्हणून?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो म्हण.